जागतिक ब्लिट्झचा विजेता आधी सांगता येतो का?

कोथरूडहून एका पालकांनी विचारलंय: मुलगा अकरावीत आहे, बुद्धिबळाच्या क्लासला जातो. डिसेंबरअखेर जागतिक ब्लिट्झ (तीन-तीन मिनिटांच्या झटपट डावांची बुद्धिबळ स्पर्धा) सुरू झाली की क्लासमध्ये विजेता ओळखायची चुरस लागते. निम्मी मुलं डोळे झाकून नॉर्वेचा मॅग्नस कार्लसन लिहितात, निम्मी आपला अर्जुन एरिगैसी किंवा प्रज्ञानंद. मुलाला गणिताची आवड आहे आणि त्याला हे रेटिंगवरून (खेळाडूची ताकद सांगणाऱ्या आकड्यावरून) काढून बघायचंय. असं काढता येतं का? आणि शेवटी कार्लसनच लिहायचा असेल तर चुरस कसली?

मी पुण्यात शिकवतो, आणि शनिवार-रविवार पंच म्हणून बसतो. आमच्याकडेही ही चुरस असते आणि दरवर्षी त्यावरून भांडणं होतात. त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

कार्लसनला किती गुण पडतील हे बऱ्यापैकी सांगता येतं. तो जिंकेल का, हे मात्र तेवढ्या खात्रीने सांगता येत नाही. मुलं या दोन गोष्टी एकच धरतात आणि तिथेच गणित चुकतं.

आधी नोंदी बघा. २०१४ पासून २०२५ पर्यंत जागतिक ब्लिट्झ अकरा वेळा झाली (२०२० मध्ये कोविडमुळे झाली नाही). त्यातल्या आठ वेळा कार्लसन विजेता. त्यात २०२४ ची न्यूयॉर्कची स्पर्धा धरली आहे, जिथे त्याने आणि नेपोम्नियाचीने विजेतेपद वाटून घेतलं. २००९ चं धरलं तर त्याची नऊ विजेतेपदं होतात. म्हणजे डोळे झाकून कार्लसन लिहिणारी मुलं काही मूर्ख नाहीत.

आता त्याचे गुण बघा. तेव्हा स्पर्धा २१ फेऱ्यांची होती; जिंकलेल्या डावाला एक गुण, बरोबरीला अर्धा. २०१६, दोहा: साडेसोळा. २०१७, रियाध: सोळा. २०१८, सेंट पीटर्सबर्ग: सतरा. २०१९, मॉस्को: साडेसोळा. २०२२, अल्माटी: सोळा. २०२३, समरकंद: सोळा. सहा स्पर्धा, सहा शहरं, आणि गुण सोळा ते सतराच्या पट्ट्यात. इतकं सातत्य ब्लिट्झमध्ये दुसऱ्या कुणाकडे नाही.

पण निकाल? दोहाला कार्याकिनचेही साडेसोळाच झाले आणि टायब्रेकवर (समान गुण झाले तर लावायच्या निकषावर) विजेतेपद त्याच्याकडे गेलं. रियाधला कार्लसनचा दोहापेक्षा अर्धा गुण कमी होता, तरी तो दीड गुणाने पुढे राहिला. सेंट पीटर्सबर्गला कार्लसनने सतरा करूनही दुदा फक्त अर्ध्या गुणाने मागे होता. तोच दुदा त्याच साडेसोळा गुणांसह रियाधला, अल्माटीला किंवा समरकंदला असता तर सरळ जगज्जेता झाला असता. मॉस्कोत नाकामुरानेही साडेसोळा केले आणि प्लेऑफ (निर्णायक जादा डाव) खेळावा लागला. आणि २०२१ ला वॉर्सॉमध्ये पंधराच गुण पुरले. वाशिये-लाग्राव्ह, दुदा आणि फिरोझा तिघेही पंधरावर होते, पहिल्या दोघांच्या प्लेऑफमध्ये वाशिये-लाग्राव्ह जिंकला आणि कार्लसन पहिल्या तिघांतही नव्हता.

म्हणजे आवडता खेळाडू त्याचं काम जवळजवळ दरवेळी करतो. विजेता कोण हे ठरतं त्या दोन दिवसांत बाकीच्यांपैकी कुणाचं तरी भलतंच जमून आलं की नाही यावर. आणि तो 'कुणीतरी' कोण असेल, हे आधी सांगता येत नाही.

हे आकड्यांत मांडू, कारण मुलाला तेच हवंय. इलो रेटिंगचं मूळ सूत्र सोपं आहे: दोघांच्या रेटिंगमधला फरक ४०० ने भागायचा, तो १० चा घात म्हणून वापरायचा आणि आलेल्या आकड्याला त्याच्यात एक मिळवून भागायचं. हातात ठेवायला एवढं पुरे: ५० गुणांचा फरक असला तर वरच्याला डावामागे सरासरी ०.५७, १०० असला तर ०.६४, २०० असला तर ०.७६ गुण मिळतात.

समजा एका खेळाडूचं ब्लिट्झ रेटिंग २९२० आहे आणि त्याच्या वाट्याला येणाऱ्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी २७२०. फरक २००, म्हणजे डावामागे ०.७६. गुणिले २१, म्हणजे सोळा. कार्लसनचे खरे गुण आठवा. (त्याचं ब्लिट्झ रेटिंग डिसेंबर २०१७ मध्ये २९८६ पर्यंत गेलं होतं, तेव्हा २९२० हा आकडा काही हवेतला नाही.) रेटिंग नावाची गोष्ट किती काम करते ते इथे दिसतं.

पण सरासरी म्हणजे निकाल नव्हे. ब्लिट्झमध्ये वरच्या पातळीवर साधारण चारात एक डाव किंवा थोडे जास्त बरोबरीत सुटतात असं धरलं, तर अशा खेळाडूच्या एकूण गुणांत २१ फेऱ्यांत दीड-पावणेदोन गुणांची वर-खाली निव्वळ नशिबाने होते. त्याच्या खेळात काहीही बदल न होता तो एका वर्षी साडेचौदा आणि दुसऱ्या वर्षी साडेसतरा करू शकतो. आणि पहिल्या-दुसऱ्यातलं अंतर तर बहुतेक वेळा शून्य किंवा अर्धा गुण असतं. नशिबाचा हेलकावाच विजयाच्या अंतराच्या तिप्पट.

आता २८०० रेटिंगचा दुसरा खेळाडू घ्या. त्याला त्याच प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध अपेक्षित गुण १२.९. सोळापेक्षा तीन गुणांनी मागे. या एकट्याने आपल्या २९२० वाल्याला मागे टाकायची शक्यता दहात एक. मुलं इथे थांबतात आणि म्हणतात, झालं, कार्लसन नव्वद टक्के. पण स्पर्धेत असा एक नसतो, दहा असतात. त्या दहांमध्ये ज्याचं सर्वात जास्त जमून येईल त्याचे गुण सरासरीने साडेपंधराच्या थोडे वर जातात. म्हणजे लढत सोळा विरुद्ध १२.९ अशी नाहीच, सोळा विरुद्ध साडेपंधरा अशी आहे. त्यातून २९२० वाल्याची जिंकायची शक्यता निघते ५५ ते ६० टक्के.

आणि हा आकडा फार हळवा आहे. त्याच खेळाडूचं रेटिंग २९२० ऐवजी २८८० धरा. चाळीस गुण म्हणजे काहीच नाही, एखाद्या वाईट आठवड्यात जातात. अपेक्षित गुण सोळावरून पंधरावर येतात आणि जिंकायची शक्यता पस्तीस-चाळीस टक्क्यांवर घसरते. म्हणून कुणी मला छातीठोकपणे 'अमुक जिंकणार' असं सांगितलं की मी आधी विचारतो, रेटिंग कुठल्या महिन्याचं बघितलंस?

रेटिंग बघून झालं की पुढची गोष्ट म्हणजे फेऱ्या किती. मुलं ही बघतच नाहीत, आणि माझ्या मते खेळाडूच्या फॉर्मपेक्षा हीच जास्त महत्त्वाची.

दोन जुन्या स्पर्धा शेजारी ठेवा. २००८ ला अल्माटीत जागतिक ब्लिट्झमध्ये सोळा खेळाडू होते, प्रत्येकाचा प्रत्येकाशी एक डाव, म्हणजे १५ फेऱ्या. जिंकला क्युबाचा लेनिएर दोमिंगेझ. त्याआधी त्याचं नाव कुणी लिहिलं असतं असं मला वाटत नाही. पुढच्याच वर्षी मॉस्कोत २२ खेळाडू, प्रत्येकाशी दोन डाव, एकूण ४२ फेऱ्या. कार्लसन ३१ गुणांसह पहिला, आनंद २८ वर दुसरा, कार्याकिन २५ वर तिसरा. तीन-तीन गुणांचं अंतर! डाव वाढले की नशिबाचे हेलकावे एकमेकांना खातात आणि खरी ताकद वर येते.

यातूनच एक गंमत उलगडते, जिच्यावर क्लासमध्ये नेहमी वाद होतो. तीन मिनिटांचा डाव पंधरा मिनिटांच्या डावापेक्षा जास्त बेभरवशाचा, मग रॅपिडचा विजेता ओळखणं सोपं असायला हवं ना? प्रत्यक्षात उलटं आहे. त्याच अकरा वर्षांत रॅपिडमध्ये कार्लसन सहा वेळा जिंकला, ब्लिट्झमध्ये आठ. आणि कुणाच्याच यादीत नसलेली नावं रॅपिडमध्येच निघाली: २०१८ ला दुबोव्ह, २०२१ ला सतरा वर्षांचा अब्दुसत्तोरोव्ह, २०२४ ला अठरा वर्षांचा मुर्झिन. ब्लिट्झचे कार्लसन सोडून बाकीचे विजेते बघा: ग्रिश्चुक, कार्याकिन, वाशिये-लाग्राव्ह, आणि वाटून घेतलेल्या विजेतेपदात नेपोम्नियाची. सगळे मुरलेले. कारण रॅपिड आधी १५ फेऱ्यांची होती, नंतर १३ ची झाली, आणि ब्लिट्झ २१ ची होती. एकेक डाव बेभरवशाचा असला तरी सहा-आठ डाव जास्त मिळाले की तो तोटा भरून निघतो.

पण ही गंमत संपत आली आहे, कारण नियम बदलले. २०२४ ला न्यूयॉर्कमध्ये १३ फेऱ्यांची स्विस (दर फेरीत साधारण सारख्या गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावायची पद्धत) झाली आणि पहिल्या आठांची बाद फेरी. २०२५ ला दोहात १९ फेऱ्या आणि मग पहिले चार उपांत्य फेरीत. बाद फेरीतले सामने छोटे असतात. पन्नास गुणांनी वरचढ खेळाडू चार डावांचा सामना जिंकेल याची शक्यता जेमतेम ६४ टक्के आहे. असे दोन सामने सलग जिंकायचे तर ४१ टक्के, तीन जिंकायचे तर २६. म्हणजे स्विसमध्ये घाम गाळून मिळवलेली आघाडी उपांत्य फेरीच्या दारात काढून ठेवायची आणि शून्यापासून सुरुवात.

दोहात आपल्या अर्जुनचं नेमकं हेच झालं. १९ फेऱ्यांत १५ गुण घेऊन स्विसमध्ये तो पहिला होता. बाद फेरी नसती तर त्याच क्षणी तो जगज्जेता झाला असता. उपांत्य फेरीत अब्दुसत्तोरोव्हने त्याला हरवलं, आणि अंतिम सामन्यात कार्लसनने अब्दुसत्तोरोव्हला. अर्जुनला कांस्य. क्लासमध्ये ज्यांनी अर्जुनचं नाव लिहिलं होतं ते त्या रात्री फार तावातावाने बोलत होते आणि माझ्या मते त्यांचा अंदाज उत्तम होता. निकाल विरुद्ध गेला म्हणून अंदाज चुकीचा ठरत नाही. कार्लसन लिहिणाऱ्या प्रत्येकाने विचार केला होता असंही नाही.

तेव्हा पहिली सूचना ही: नावांकडे वळण्याआधी स्पर्धेचं परिपत्रक वाचा. फेऱ्या किती, बाद फेरी आहे का, समान गुण झाले तर प्लेऑफ की टायब्रेक. एप्रिल २०२५ मध्ये हडपसरला अमनोरात महिलांची ग्रां प्री झाली तेव्हा पुण्यातल्या किती तरी मुलांनी हे डोळ्यांनी पाहिलं. हम्पी आणि झू जिनेर दोघींचे नऊपैकी सात गुण, आणि टायब्रेकवर पहिली हम्पी. ती क्लासिकल (लांब वेळेच्या डावांची) होती, पण मुद्दा तोच. टायब्रेकचा नियम तुमच्या अंदाजाचाच भाग आहे.

आता रेटिंगच्या भरवशाबद्दल. फिडेची (आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघाची) ब्लिट्झ रेटिंग २०१२ पासून सुरू झाली. क्लासिकलच्या मानाने अधिकृत ब्लिट्झ स्पर्धा कमी, त्यामुळे काही खेळाडूंचं ब्लिट्झ रेटिंग शिळं असतं. विशेषतः सतरा-अठरा वर्षांच्या पोरांचं. वर्षभर त्यांचा खेळ वाढलेला असतो आणि ब्लिट्झ रेटिंग मागच्या डिसेंबरचं. आपल्याकडे तर रेटेड स्पर्धा बहुतांश क्लासिकल किंवा रॅपिड, त्यामुळे हे जास्तच. माझा ठोकताळा असा: विशीच्या आतल्या खेळाडूचं क्लासिकल रेटिंग वर्षात चांगलं वाढलं असेल आणि ब्लिट्झचं हललंच नसेल, तर मी ब्लिट्झमध्ये वाढीच्या निम्मे गुण मनातल्या मनात जोडतो. याला पुरावा विचाराल तर माझ्याकडे अनुभव आहे, सिद्धांत नाही. तिशीपुढच्यांच्या बाबतीत असलं काही करू नका.

ऑनलाइन ब्लिट्झचे निकाल घ्यावेत का? घ्यावेत, पण जपून. नाकामुराने ऑनलाइन ब्लिट्झमध्ये किती स्पर्धा जिंकल्या याला गणती नाही, पण जागतिक ब्लिट्झ तो अजून जिंकलेला नाही. २०१९ आणि २०२२ ला दुसरा आला. माऊसने खेळताना मोहरा हातातून निसटत नाही, बोर्डवर निसटतो. क्लॉक दाबायला हात न्यावा लागतो. प्रिमूव्ह (समोरच्याची खेळी व्हायच्या आधीच आपली देऊन ठेवणं) नसतो.

हा हाताचा भाग लोकांना किरकोळ वाटतो. पंच म्हणून बसलात तर वाटणार नाही. शाळेच्या हॉलमध्ये चाललेल्या ब्लिट्झच्या शेवटच्या दहा सेकंदांत मुलाचा उजवा हात हत्ती उचलतो, डावा हात क्लॉकवर टेकलेलाच असतो, मधेच प्यादं आडवं होऊन शेजारच्या बोर्डखाली जातं. नियम स्वच्छ आहेत: ज्या हाताने खेळी त्याच हाताने क्लॉक, आणि पाडलेला मोहरा स्वतःच्या वेळात उभा करायचा. पाडून तसंच क्लॉक दाबणं हा नियमभंग. नियमाबाहेरची खेळी पूर्ण केली तर पहिल्या वेळी समोरच्याला एक मिनिट जादा, दुसऱ्यांदा डावच गेला. हे सगळं पाठ असलेली मुलंही दहा सेकंद उरले की विसरतात. ज्याचा हात शांत असतो तो वर्षभरात किती तरी अर्धे गुण नुसते हातावर कमावतो.

आणि हे फक्त पोरांचं नाही. २०१९ ला मॉस्कोत स्पर्धेच्या शेवटच्या टप्प्यात फिरोझा विरुद्ध कार्लसन. कार्लसनकडे राजा आणि एक उंट एवढंच उरलेलं, फिरोझाकडे उंट आणि वर प्यादी. हरण्याचं काही कारणच नाही. घाईत फिरोझाच्या हातून मोहरा पडला, तो सावरता सावरता त्याची वेळ संपली. आता नुसत्या उंटाने मात होत नाही, मग बरोबरी का नाही? कारण फिरोझाचे स्वतःचे मोहरे पटावर होते. ते त्याच्याच राजाची वाट अडवून बसले तर समोरच्या एकट्या उंटानेही मात होऊ शकते, अगदी कागदावरची का असेना. नियमात 'होऊ शकते' एवढंच बघतात. डाव कार्लसनला. फिरोझाने दाद मागितली, फेटाळली गेली. आणि शेवटी कार्लसन आणि नाकामुरा साडेसोळावर समान! तो डाव बरोबरीत गेला असता आणि बाकी सगळं तसंच राहिलं असतं तर प्लेऑफ झालाच नसता, नाकामुरा जगज्जेता. कुठल्या रेटिंगमधून हे काढणार?

याच्या उलट बाजूचंही सांगतो. २०२२ ला अल्माटीत पहिल्याच फेरीत कार्लसन उशिरा पोचला. तीन मिनिटांपैकी जेमतेम अर्धं मिनिट शिल्लक होतं आणि समोर ग्रँडमास्टर कोबालिया. तो डाव त्याने जिंकला. प्रत्येक खेळीला मिळणाऱ्या दोन सेकंदांवर व्यवस्थित खेळता येणं हे वेगळं कसब आहे. अंदाज करताना मी रेटिंग सारखं असलेल्या दोघांपैकी वेळ कमी असताना चांगला खेळणाऱ्याला झुकतं माप देतो. तेही थोडंच, दहा-वीस गुणांचं. त्याहून जास्त दिलं की माणूस आवडीनिवडीत घसरतो.

'फॉर्म' या शब्दावर माझा फारसा विश्वास नाही. त्याआधी तीन दिवस रॅपिड होते, तिच्यात कोण चमकला त्यावर मुलं ब्लिट्झचं नाव बदलतात. २०१५ ला बर्लिनमध्ये कार्लसनने रॅपिड जिंकली आणि ब्लिट्झ ग्रिश्चुकने नेली. २०२४ ला रॅपिड मुर्झिनची, ब्लिट्झमध्ये तेच दोन जुने. तेरा डावांचा निकाल म्हणजे माहिती फार थोडी. दमणूक मात्र खरी असते, आणि बाद फेरीत संध्याकाळी ती दिसते.

आता मुलाने काय करायचं ते. अकरावीत कॉम्प्युटर सायन्स असेल तर पायथनमध्ये, नसेल तर एक्सेलमध्येही चालेल. प्रवेश यादीतले पहिले शंभर खेळाडू आणि त्यांची चालू ब्लिट्झ रेटिंग घ्यायची. प्रत्येक डावासाठी सूत्रावरून अपेक्षित गुण काढायचे. त्यातून बरोबरीचा वाटा वेगळा करायचा: समान ताकदीच्या दोघांत तीस टक्के धरा, फरक वाढेल तसा कमी करत न्या. मग ० ते १ मधला एक यादृच्छिक आकडा, त्यावरून जय, बरोबरी किंवा हार. फेरी झाली की समान गुणांच्या खेळाडूंच्या जोड्या लावायच्या. स्विसचं खरं पेअरिंग किचकट असतं, रंग बघावे लागतात, आधीच्या जोड्या टाळाव्या लागतात. सुरुवातीला ते सोडून द्या, एकाच गुणगटातले खेळाडू कसेही जोडले तरी उत्तर फारसं हलत नाही. पण जोड्याच न लावता सगळ्यांना सरासरी प्रतिस्पर्धी देऊ नका. वर मी सोयीसाठी तसं केलंय, पण खऱ्या स्विसमध्ये पुढे असलेल्याला पुढचेच भेटतात, त्यामुळे वरची गर्दी आणखी घट्ट होते. अशी पूर्ण स्पर्धा दहा हजार वेळा खेळवा आणि प्रत्येकजण किती वेळा पहिला आला ते मोजा. बाद फेरी असेल तर तीही त्यातच घाला. घालून आणि न घालता, दोन्ही चालवून बघायला सांगा. कार्लसनच्या रकान्यातला आकडा किती खाली येतो ते त्याचं त्यालाच दिसू दे.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, चुरस कसली. चुरशीचा नियमच बदला. एक नाव लिहायला लावू नका, प्रत्येकाला शंभर टक्के वाटायला द्या. कुणाला किती द्यायचे ते ज्याने त्याने ठरवावं. गुण देताना विजेत्याला दिलेला वाटा एकातून वजा करून वर्ग करायचा, बाकीच्यांना दिलेल्या वाट्यांचे वर्ग त्यात मिळवायचे, आणि ज्याची बेरीज सर्वात कमी तो पहिला.

या नियमाने गेल्या अकरा स्पर्धा तपासून बघा, हिशेब मजेदार निघतो. एकाने दरवर्षी कार्लसनला शंभर टक्के दिले: आठ वेळा शून्य दंड, तीन वेळा दोन, सरासरी ०.५५. दुसऱ्याने कार्लसनला ४० आणि सहा जणांना दहा-दहा दिले: कार्लसन जिंकला तर ०.४२, सहांपैकी कुणी जिंकला तर १.०२, सरासरी ०.५८. शहाणपणा करून तो डोळे झाकणाऱ्यापेक्षाही मागे पडला! तिसऱ्याने कार्लसनला ६५ आणि सात जणांना पाच-पाच दिले: कार्लसन जिंकला तर ०.१४, नाहीतर १.३४, सरासरी ०.४७. हा दोघांच्या पुढे. अर्थात निकाल माहीत झाल्यावर पासष्ट म्हणणं सोपं आहे. पण शंभर म्हणणारा आणि चाळीस म्हणणारा दोघेही हरू शकतात हे मुलांना असं पटकन कळतं, आणि वाद 'कोण' यावरून 'किती' यावर येतो. तो वाद जास्त चांगला.

मला स्वतःला विचाराल तर एकोणीस फेऱ्या आणि चारांची बाद फेरी अशी पद्धत असेल, आणि कार्लसन यादीत असेल, तर मी त्याला ४० ते ४५ देईन. निव्वळ २१ फेऱ्यांची स्विस असती तर ५५. अर्जुन, अब्दुसत्तोरोव्ह, फिरोझा आणि नाकामुरा (तो आला तर, हल्ली तो निवडून स्पर्धा खेळतो) यांना प्रत्येकी पाच ते दहा. उरलेले दोन-दोन, एक-एक करून बऱ्याच जणांत. अर्जुनला दहा दिले म्हणून कुणी देशप्रेम कमी पडलं म्हणू नये. दोनशे जणांच्या स्पर्धेत दहा टक्के हा फार मोठा मान आहे. आणि कार्लसन आलाच नाही तर त्याचे चाळीस एका माणसाला देऊ नका, सगळ्यांत वाटा. त्याच्याशिवायच्या स्पर्धेत वीस टक्क्यांच्या वर कुणाला नेणं मला तरी धाडसाचं वाटतं.

आणखी एक सोय करा. पहिल्या दिवसाअखेर अंदाज बदलायची मुभा द्या, नाहीतर दुसऱ्या दिवशी निम्मी मुलं स्पर्धा बघतच नाहीत. बदलताना मोजायचं कसं? सारख्या ताकदीचे दोघे, एकाची एका गुणाची आघाडी आणि नऊ फेऱ्या बाकी, तर पुढचा पुढेच राहायची शक्यता चारात तीन. अर्ध्या गुणाची आघाडी असेल तर पाचात तीनच्या थोडी वर. पण दुसऱ्या दिवशी बाद फेरी असेल तर ही आघाडी धरायचीच नाही. तिथे फक्त पहिल्या चारांत जागा पक्की झाली का एवढंच बघायचं, आणि पुढच्या सामन्यांसाठी पुन्हा रेटिंगचा फरक काढायचा.